मृगाजिनाचं पार्सल

आमच्या नातवाच्या, राजसच्या मुंजीत त्याच्या अंगावर खरंखुरं मृगाजिन असावं, एवढीच माझी इच्छा होती. तीत कुणाचं वाईट चिंतलं होतं असं मला अजूनही वाटत नाही. तरीही आज बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा वॉचमन गेट उघडताना विचारतो, "काका, वाघाचं कधी येतंय?" आणि लिफ्टमध्ये शेजारच्या बाई उगाचच नाकाला पदर लावून हसतात. हसू देत. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ती सोसायटीत कुणाला खुपत नाही, उलट तिच्याबद्दल तिथे माझं कौतुकच चाललं आहे.

ज्यांनी मुंज फक्त जेवणापुरती पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. बटूच्या जानव्यात हरणाच्या कातड्याचा एक तुकडा बांधायचा असतो, त्याला मृगाजिन म्हणतात. गुरुजी आमच्या हॉलमध्ये बसून तयारी समजावून देत होते. पळसाचा दंड, मेखला, लंगोटी असं करत ते मृगाजिनापाशी आले आणि म्हणाले, "ते हल्ली मिळत नाही. काळ्या कापडाचा तुकडा बांधतो आम्ही. त्याऐवजी चालतो."

आता मी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो. "साहेब, त्याऐवजी हे चालेल का?" असं विचारणाऱ्यांचा माल परत पाठवण्यात माझा उभा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसाला परत पाठवण्यासारखं फारसं काही उरत नाही. भाजीवाल्याला दोन वांगी परत करतो, तेवढंच. अशा माणसासमोर गुरुजींनी ते वाक्य उच्चारायला नको होतं.

"आणि खरं मिळालं तर?" मी विचारलं.

"मिळालं तर उत्तमच," गुरुजी म्हणाले आणि चहाकडे वळले.

माझी बायको कुमुदिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, हरणाचं कातडं घरात ठेवणं गुन्हा आहे. पेपरात येतं ना, पकडतात लोकांना."

"ते इथल्या हरणाचं," मी म्हणालो. "परदेशी हरणाबद्दल कुठे काय म्हटलंय?"

हा मुद्दा मला तेव्हा बिनतोड वाटला होता. न्यूझीलंडला आमची संजीवनी असते. कुमुदिनीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून आमच्या मुलाबरोबर, सुजितबरोबर ती आमच्याच घरात वाढली आणि तिचं लग्नही आम्हीच लावून दिलं. मला काका म्हणते. तिकडे हरणं शेळ्यांसारखी कुंपणात पाळतात, मटणासाठी, हे तिनेच एकदा फोटो पाठवून दाखवलं होतं. म्हणजे चोरी नाही, शिकार नाही. दुकानात जायचं आणि आणायचं.

संजीवनीने लगेच चौकशी केली. छान मऊ, कमावलेलं कातडं मिळत होतं, सोफ्यावर टाकतात तसं. इथे माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. कमावलेलं म्हणजे त्याला काय काय रसायनं लावलेली असणार, कुठल्या टाकीत किती दिवस बुडवलेलं असणार. तसलं सोवळ्यात कसं चालेल? मी तिला कळवलं, कमावलेलं नको. नुसतं मीठ लावून वाळवलेलं, जसं निघालं तसं पाठव. तिला ते मिळवायला एका हरणवाल्याच्या शेतावर जावं लागलं. तिचा नवरा दिवसभर गाडीच्या काचा उघड्या ठेवून बसला होता म्हणे.

एव्हाना बातमी सोसायटीत पसरली होती. घरकामाला येणाऱ्या बनूबाई बदलापूर गावातल्या. त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "हरनाचं कशाला आनता काका? आमच्याकडं बकऱ्याचं मिळंल, ढोलकीला लावतात ते. पोराला काय कळतंय!" तिसऱ्या मजल्यावरचा महेंद्र एकेकाळी बंदरावर माल सोडवून देणाऱ्या एजंटच्या हाताखाली होता. तो काळ किती होता ते त्याने कधी नीट सांगितलं नाही, पण त्या जोरावर तो आम्हा सगळ्यांना जगाच्या व्यापाराबद्दल सल्ले देतो. तो म्हणाला, "काका, डब्यावर चामडं लिहिलं तर गेम. 'पूजेचं वस्त्र' लिहायला सांगा. देवाच्या नावाने कोण खोलतंय? कुणीच नाय."

मी तसं संजीवनीला कळवलं. ती तिथे दूध पावडरच्या कारखान्यात आहे. बाहेर देशी जाणाऱ्या मालाबरोबरची आरोग्याची प्रमाणपत्रं तपासून सही करायची, हेच तिचं काम. त्यामुळे खोटं लिहायला तिने जरा का-कू केलं. मी तिची समजूत घातली. कशी घातली ते पुढे येईलच, माझी सुटका नाही. पार्सल निघालं.

मग एके दिवशी कुरिअरवाल्याचा फोन आला. "सर, तुमचं पार्सल पशुवैद्यकीय तपासणीत अडकलंय."

मी फोन ठेवून हे वाक्य घरात सांगितलं. कुमुदिनीच्या हातातली चाळणी खाली पडली. "अहो, जिवंत पाठवलं की काय तिने?"

त्या संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर माझ्या पार्सलची सभाच भरली. एकाने सांगितलं, आधार कार्ड, पॅन कार्ड आणि मुंजीची पत्रिका तिन्ही न्या. दुसऱ्याने सांगितलं, पत्रिका अजिबात नेऊ नका, ते जेवायला येतील. तिसऱ्याचा आग्रह होता की आधी साहेबांचं आडनाव काढा, मग कुणाची ओळख लावायची ते बघू. महेंद्रने सगळ्यांना हात करून गप्प केलं. "मी नेतो काकांना गाडीतून. तिथे एक वेगळीच भाषा चालते. काका, तुम्ही फक्त बसायचं, बोलायचं मी."

प्राणिजन्य माल तपासणारं ते कार्यालय विमानतळाच्या कार्गोजवळ होतं. साहेब नव्हते, मॅडम होत्या, पशुवैद्यक डॉक्टर. भिंतीवर गायीच्या उघड्या जबड्याचं मोठं रंगीत चित्र होतं आणि त्याच्या बरोबर खाली मला बसवलं.

"आजोबा, यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

मला आजोबा म्हटलेलं आवडत नाही. "पूजेचं वस्त्र आहे," मी जरा ताठ बसून म्हणालो.

त्यांनी हातमोजे घातले, तोंडाला मास्क लावला आणि एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या कापल्या. विमानातून येताना आणि नंतर गोदामात पडून राहताना त्या कातड्याचं जे काही झालं असेल ते असो, पण वास असा सुटला की वेगळी भाषा बोलायला आलेला महेंद्र एक शब्दही न बोलता दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"हे वस्त्र?"

"म्हणजे… अंगावरच घालायचं असतं," मी म्हणालो. तेवढ्यात हात पुढे करायला गेलो, तर त्या ओरडल्याच.

"हात लावू नका! लांब व्हा."

लहानपणी आमच्या घरी सोवळ्यातल्या बायका अशाच ओरडायच्या. मला क्षणभर आदरच वाटला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि अगदी शांतपणे सांगितलं, हेच वाईट होतं. कच्च्या कातड्यातून, लोकरीतून, हाडांतून जनावरांचे रोग एका देशातून दुसऱ्या देशात जातात. लाळ्या-खुरकूत एका गोठ्यात शिरला की आजूबाजूची गावंच्या गावं जातात. म्हणून आधी इथला परवाना लागतो आणि तिकडच्या सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं.

"पण मॅडम, त्या देशात तो रोगच नाही म्हणतात."

"मग तसा कागद असता. कागद नाही, म्हणजे हे कातडं कुठून आलं, कुठल्या जनावराचं आहे, मला काहीच माहीत नाही. कमावलेलं असतं तरी गोष्ट थोडी वेगळी होती. हे असं कच्चं कुणी कशाला मागवेल?"

कच्चं मीच मागवलं होतं, सोवळ्यात चालावं म्हणून. मी ज्याला शुद्ध समजत होतो ते त्यांच्या लेखी सगळ्यात घाणेरडं होतं, आणि त्यांचं सोवळं माझ्या सोवळ्यापेक्षा कितीतरी कडक निघालं. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे हसत हसत सांगितलं असतं. पण त्या पुढे म्हणाल्या, "शिवाय हरणाचं दिसतंय. वन्यजीव विभागालाही कळवावं लागेल." माझ्या डोळ्यांसमोर पेपरातला फोटो आला. पुढे टेबलावर कातडं, मागे चार हवालदार, मधे तोंडाला रुमाल बांधलेला मी.

"डब्यावर वस्त्र असं कुणी लिहायला सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "मला काही माहीत नव्हतं. मला वाटलं कापड येतंय. भाचीने पाठवलं. ती तिकडे असते, तिचं तिनेच काय ते लिहिलं."

एवढं अस्खलित मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

"मग तुमचा प्रश्न नाही," मॅडम म्हणाल्या. "खोटी माहिती दिली म्हणून पाठवणाऱ्यांच्या नावाने तिकडच्या खात्याला कळवू. काय करतात त्या?"

"दूध पावडरच्या कारखान्यात… प्रमाणपत्रं तपासते."

"कमाल आहे. मग त्यांना तर कळायलाच हवं होतं. नोकरीवर येईल हो त्यांच्या."

मी मान डोलावली. संजूच्या नोकरीवर येईल म्हणाल्या, आणि मी खुर्चीत बसून मान डोलावली.

बाहेर आल्यावर महेंद्रने माझी पाठ थोपटली. "काका, काय सटकलात राव! एकदम मक्खन. मी असतो तर फसलो असतो." परतीच्या वाटेवर त्याने गाडी उल्हासनगरला घेतली. मृगाजिनाच्या जागी काहीतरी तर हवं होतं. सोफ्याच्या कापडांचं एक दुकान त्याच्या माहितीतलं होतं. दुकानदार सिंधी, वयाने माझ्याएवढा, अगदी अगत्याने त्याने जनावरांच्या कातड्याची नक्षी छापलेल्या मखमलीचे तागे उलगडले.

"हिरन? साईं, हिरन कोई नहीं पूछता अब. चीता ले लो. झेब्रा देखो, कितना सोबर है."

महेंद्रला राहवलं नाही. त्याने तागे पसरलेले असतानाच सगळी हकीकत रंगवून सांगितली. मॅडम, जबडा, वास, आणि काकांनी कसं एका वाक्यात अंग काढून घेतलं. दुकानदार हसता हसता खोकला. मग डोळे पुसत त्याने मला विचारलं, "लेकिन साईं, फिर भांजी का क्या होगा?"

त्याच्या मनात काही नव्हतं. सहज विचारलं होतं. मी झेब्र्याची किंमत विचारली.

घरी आलो तर कुमुदिनी फोनवर होती, स्पीकर चालू. संजीवनीचा आवाज येत होता. "मावशी, तू काळजी नको करूस. कुरिअरकडून कळलं मला. मी त्या ऑफिसला मेल केलाय, काकांना काहीच माहीत नव्हतं, सगळं माझ्याच मनाने केलं म्हणून. त्यांना या वयात कुठे ऑफिसांच्या पायऱ्या चढायला लावायच्या? माझं मी बघते."

"अगं, पण तुझी नोकरी?"

"बघू काय होतं ते," ती म्हणाली. आवाज हसरा काढला होता तिने, पण लहानपणी परीक्षेत कमी मार्क पडले की ती असाच आवाज काढायची.

फोन ठेवल्यावर कुमुदिनीने मला विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत तिथे?"

मी सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. "तिने तुमच्यासाठी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही कुणासाठी सांगितलंत?" आणि कपडे वाळत घालायला गच्चीत निघून गेली.

इकडे खाली बाकावर महेंद्रचं आख्यान सुरू झालं होतं. रात्रीपर्यंत मला तीन जणांनी फोन करून शाबासकी दिली. एकाने तर त्याच्या मुलाच्या इन्कम टॅक्सच्या नोटिशीबद्दल माझा सल्ला मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मी एकटाच त्या कार्यालयात गेलो. मॅडमनी मला ओळखलं. "आजोबा, तुमचं काम झालंय. कातडं जाळून नष्ट करतील. पाठवणाऱ्यांचा मेलही आला, तुम्ही म्हणालात तेच त्यांनी लिहिलंय."

"ते खोटं आहे," मी म्हणालो. "दोघांचंही. तिला मी लिहायला लावलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काल एक, आज एक. पोरीला वाचवायला आलात ना? लोक येतात असे. मी कशावरून मानू?"

मी खिशातून फोन काढला. फॅक्टरीतल्या खडखडाटाने माझा एक कान कामातून गेला आहे, त्यामुळे फोनचा आवाज कायम पूर्ण. मी संजीवनीला पाठवलेला व्हॉइस मेसेज शोधून लावला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली.

"संजू, हे बघ," माझा आवाज त्या खोलीत घुमला, "डब्यावर कातडं-बितडं काही लिहायचं नाही. पूजेचं वस्त्र लिही. अगं, मी जन्म काढलाय इन्स्पेक्शनमध्ये. कोण किती उघडून बघतं ते मला विचार. कुणी बघत नाही!"

कोपऱ्यातला कारकून फिस्सकन हसला. मॅडमच्याही ओठांच्या कडा हलल्या. तिथवर मी सोसलं असतं. पुरावा झाला होता. मी फोन बंद करायला बोट पुढे नेलं, पण या फोनांची एक वाईट खोड आहे, एक मेसेज संपला की पुढचा आपोआप सुरू होतो.

"काका, रागवू नका ना," संजीवनीचा आवाज आला. "माझं कामच हे आहे हो. याच कारणावरून मी लोकांचे कागद परत पाठवते. दुसरं काहीही सांगा, मी करते. हे नको."

मला बटण सापडेना. आणि परत मी.

"तू मला शिकवू नकोस, संजू. तुला लहानाची मोठी कुणी केली? आजवर या घराने तुझ्याकडे काही मागितलंय? पहिल्यांदा एक तुकडा मागतोय, तर मला कायदे सांगतेस?"

मग तिचा एक अगदी छोटा मेसेज. "बरं काका. लिहिते."

कुणीही हसलं नाही. कारकून समोरच्या फायलीत काहीतरी शोधू लागला. मी हे वाक्य तिला बोललो होतो हे मी विसरलो नव्हतो, फक्त ते कसं ऐकू येतं ते मला माहीत नव्हतं. माझं तोंड इतकं तापलं होतं की त्या गायीच्या जबड्यात डोकं घालून बसावंसं वाटलं.

मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा," एवढंच म्हणाल्या. मी सगळं लिहून दिलं, खाली श्यामकांत म्हणून सही केली. या खेपेला त्यांनी मला आजोबा म्हटलं नाही.

मुंज छान झाली, ते सांगून टाकतो. राजसच्या जानव्यात काळ्या मखमलीचा तुकडा बांधला आणि गुरुजींनी बघून मान हलवली. मला कडक शब्दांत लेखी ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. संजीवनीची नोकरी राहिली, पण सही करायचं काम तिच्याकडून काही महिन्यांसाठी काढून घेतलं. आता दुसऱ्याच्या सहीसाठी कागद लावून ठेवायचे, एवढंच तिच्याकडे आहे. हे माझ्यामुळे झालं आणि ते मला भरून देता येत नाही. महेंद्र अजून ती सटकल्याची गोष्ट सांगतो. मी त्याला बाकावर सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं, तर तो म्हणाला, "काका किती मोठ्या मनाचे बघा, पोरीसाठी आपल्या अंगावर घेतात."

पण त्या दिवशी कार्यालयातून बाहेर पडल्यावरचं सांगायचं राहिलं. गेटबाहेर एक इडलीवाला उभा असतो, त्याच्या बाकड्यावर मी बसलो. संजीवनीला व्हॉइस मेसेज पाठवायची हिंमत नव्हती. एकेक अक्षर शोधत लिहिलं, "मी खरं सांगून आलो. तुला तसं बोलायला नको होतं. मला माफ कर." लगेच तिचा फोन आला.

"काका, कशाला गेलात परत? मी निभावलं असतं."

"मेसेज वाचलास ना?" मी विचारलं.

"वाचला."

"असू दे काका" असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. ती म्हणाली नाही. ट्रक जात होते, इडलीवाला भांड्यावर झाकण आपटत होता.

"त्या दिवशी खूप रडले मी," ती शेवटी म्हणाली. "घरातलीच समजत होते ना मी स्वतःला."

इडलीवाल्याने न मागता पाण्याचा ग्लास पुढे ठेवला.

"काका? सकाळपासून काही खाल्लंत का?"

"हो हो," मी म्हणालो.

"खरं सांगा."

"नाही."

"मग खा आधी. मी फोन धरून आहे."

मी एका हाताने फोन कानाला लावून, दुसऱ्या हाताने इडली खाल्ली. सगळी संपवली. तेवढा वेळ ती तिकडे थांबून राहिली.